ज्याला थांबता येतं, त्याचा भाव

वऱ्हाडातल्या कापसाच्या जुन्या नोंदींत १८४२ सालची एक हकीकत आहे. अमरावतीच्या एकट्या एका व्यापाऱ्यानं त्या वर्षी एक लाख बैलांवर कापूस लादला आणि मिर्झापूरच्या वाटेनं कलकत्त्याकडे रवाना केला. मिर्झापूर गंगेकाठी, इथून पाचशे मैलांवर. तिथून पुढं नावा. बैलाच्या पाठीवर दोन्ही अंगांनी गोण्या, दिवसाची मजल आठ-दहा मैलांची, वाटेत नद्या आणि जंगल. अवकाळी पाऊस लागला की कापूस भिजायचा आणि वजनानं बैल बसायचे. पुढच्या बैलांच्या खुरांची धूळ मागच्या गोण्यांत भरायची. इतकं करून पोचलेला माल काळपट, मातकट असायचा, आणि मग विलायतेचे गिरणीवाले हिंदुस्थानी कापसाला नावं ठेवायचे.

हे बैल होते लमाणांचे, बंजाऱ्यांचे. पुसद, दिग्रस, दारव्हा, उमरखेड या पट्ट्यात आज जे तांडे दिसतात, त्यांतल्या माणसांच्या पूर्वजांच्या पायाखाली हिंदुस्थानचा व्यापार होता. जाताना कापूस किंवा धान्य, येताना मीठ. सैन्याला रसद पुरवायची तरी तेच. तांडा पावसाळ्यात एका जागी थांबायचा, बैलांना चारा मिळेल अशी माळरानं धरून राहायचा आणि दसऱ्यानंतर पुन्हा निघायचा. बाजाराला त्यांच्या सोयीनं चालावं लागे.

कापूस पश्चिमेला, मुंबईकडे नेण्याची पहिली मोठी खटपट केली ती विकाजी आणि पेस्तनजी मेहेरजी या पारशी बंधूंच्या पेढीनं. १८२५-२६ मध्ये त्यांनी पाचशे बैलांवर कापूस घालून मुंबई गाठली. एक लाख बैलांपुढं पाचशे म्हणजे काहीच नाही. पण दिशा बदलली ती तिथून. गंगेऐवजी समुद्र, आणि समुद्रापलीकडं लिव्हरपूल.

तो काळ कास्तकाराच्या सुखाचा होता असं मी म्हणणार नाही. निजामाच्या अमलात वऱ्हाडचा सारा मक्त्यानं दिला जाई आणि मक्तेदार रयतेला पिळून काढी. फरक होता तो कापसाच्या जागेत. वावरात ज्वारी मोठी, तूर तिच्या आधारानं, आणि कापूस त्यांच्यातला एक. बोंडं फुटली की घरच्या बायका कापूस वेचत, त्याच हातानं सरकी काढत. सरकी बैलांपुढं जाई. रुईतली काही गावच्या विणकराकडं, काही पेळू होऊन घरच्या चरख्यावर, आणि उरली तर व्यापाऱ्याकडं. आज भाव बरा नाही म्हणून घरात कापूस राहिला, तरी घर अडत नव्हतं.

१८५३ मध्ये निजामानं कर्जापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केलं. पुढं १८६४ मध्ये आग्नेय वऱ्हाड नावाचा जिल्हा झाला, मग त्याला वणी जिल्हा म्हणू लागले. नाव वणीचं, कचेरी यवतमाळला. १९०५ मध्ये वऱ्हाडच्या सहा जिल्ह्यांचे चार झाले तेव्हा पुसद तालुका वाशीमकडून इकडं आला आणि जिल्ह्याला यवतमाळ हे नाव मिळालं. हे सगळं सांगायचं कारण एवढंच की आखणीच्या या चाळीस-पन्नास वर्षांत जिल्ह्याचा शेतकरीही नव्यानं आखला गेला. मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी आली, प्रत्येक खातेदाराच्या नावे जमीन मोजून लिहिली गेली. मालकीचा कागद हातात आला. तो कागद विकता येत होता, गहाण टाकता येत होता. आणि सारा रोख, ठरलेल्या हप्त्याला.

या तीन गोष्टी एकत्र आल्या आणि त्यात भर पडली अमेरिकेतल्या यादवीची. १८६१ मध्ये तिकडची दक्षिणेकडची राज्यं फुटली, त्यांच्या बंदरांना वेढा पडला आणि लँकेशायरच्या गिरण्या कापसावाचून अडल्या. मुंबईत कापसाचा भाव तिप्पट-चौपट झाला. नागपूर प्रांतातल्या कास्तकारांनी गाडीच्या चाकांना चांदीच्या धावा बसवल्याचं त्या काळच्या इंग्रज अधिकाऱ्यांनी लिहून ठेवलं आहे. ही गोष्ट पुस्तकांतून फार फिरते. मला तिच्यावर फारसं विसंबावंसं वाटत नाही. चार पाटलांनी हौस केलीही असेल. पण १८६५ मध्ये तिकडची लढाई संपली, भाव धडाधड उतरले, मुंबईत पेढ्या बुडाल्या आणि इकडं ज्यांनी चढ्या भावाच्या भरवशावर सावकाराकडून उचल केली होती त्यांच्या खात्यावर आकडा तसाच राहिला. भाव उतरला म्हणून कर्ज उतरत नाही, हे या मुलखानं तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

त्याच सुमारास आगगाडी आली. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे १८६७ मध्ये नागपूरला पोचली. ती यवतमाळवरून गेली नाही. जिल्ह्याला जवळचं स्टेशन धामणगाव, यवतमाळहून एकोणतीस मैल. धामणगावच्या सडकेवर हंगामात बंड्यांची रीघ लागू लागली. वणीकडच्या लोकांना वर्धा नदीपलीकडचं हिंगणघाट जवळ, तिथला बाजार जुना आणि नावाजलेला. तारयंत्र रेल्वेच्या आगेमागेच आलं. लिव्हरपूलचा भाव मुंबईला आणि मुंबईचा भाव खामगाव-अमरावतीला काही तासांत कळू लागला. खामगावची रेल्वे शाखा १८७० मध्ये खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयोच्या हस्ते उघडली, यावरून विलायत सरकारला या रुईची केवढी निकड होती ते दिसतं. मध्य प्रांत-वऱ्हाडसाठी कापूस कमिशनर हे पद निर्माण झालं आणि त्यावर हॅरी रिव्हेट-कार्नाक हा अधिकारी नेमला गेला. एका पिकासाठी अख्खा कमिशनर! ज्वारीसाठी असा कोणी आला नाही.

लमाणांचं काय झालं, हे मात्र कुठल्या उद्घाटनाच्या वर्णनात नाही. ज्या वाटेनं तांडे जात, तीच वाट रुळांनी घेतली. बैलाच्या पाठीवरचा व्यापार एका पिढीत संपला. ज्या माळरानांवर त्यांची गुरं चरायची, त्यातली काही नांगराखाली गेली आणि काही राखीव जंगलात. वर १८७१ च्या कायद्यानं देशात जमातीच्या जमाती गुन्हेगार ठरवण्याची सोय झाली आणि बंजाऱ्यांवरही पुढं तो शिक्का बसला. जे तांडे इथं स्थिरावले ते बहुतेक डोंगरउताराच्या हलक्या जमिनीवर. तिथं त्यांनी पेरला तो कापूसच. कापूस वाहणारे लोक कापूस पिकवणारे झाले, आणि बाजाराशी असलेलं त्यांचं नातं उलटं झालं. पूर्वी माल त्यांची वाट पाहायचा, आता ते गिऱ्हाइकाची वाट पाहू लागले.

घरातले बदल सावकाश झाले, म्हणून ते इतिहासात कमी नोंदले गेले. वाफेवर चालणारे जिन आणि प्रेस आले. आता व्यापारी सरकीसकटच कापूस घेऊ लागला. सरकी काढायचं बायकांचं काम गेलं, सरकीही गेली. बैलांसाठी तीच पुढं ढेप होऊन बाजारातून विकत आणावी लागली. घरची रुई नाही म्हणून सूत नाही, आणि गिरणीचं सूत स्वस्त म्हणून गावच्या कोष्ट्याच्या मागावरही विलायती बिंडं चढली. बियाणंसुद्धा बाजारानं बदललं. हिंगणघाटच्या बाजूची बनी ही लांब धाग्याची, नाजूक, उशिरा येणारी जात. तिच्या जागी जाडी आली: आखूड धागा, पण लवकर हाताशी येणारी आणि जास्त रुई देणारी. व्यापारी दोन्ही एकाच भावात तोलणार, वर एकमेकींत मिसळणार, तर कास्तकारानं बनी का पेरावी? इंग्रज अधिकारी शेतकऱ्याच्या अडाणीपणाला दोष देत राहिले. शेतकऱ्याचा हिशेब त्यांच्याहून बरोबर होता.

ज्वारीचं रान कमी झालं. घरात वर्षाचं धान्य असणं ही रीत मोडली आणि कापूस विकून ज्वारी विकत घ्यायची ही रीत पडली. ती रीत किती महाग पडू शकते हे १८९६-९७ ला दिसलं आणि त्याहून भयंकर रीतीनं १८९९-१९०० ला, ज्याला आपल्याकडं छप्पन्नाचा दुष्काळ म्हणतात. कापूसही पिकला नाही आणि कणगीही रिकामी. रेल्वे धान्य आणू शकत होती, पण ते घेण्याइतका पैसा ज्याच्याकडं होता त्याच्यासाठी.

आता बाजाराच्या आवारात जाऊ, कारण या गोष्टीचा गाभा तिथं आहे.

पहाटे बंड्या सुटत. बाजारात पोचल्यावर अडत्या, दलाल, मापारी, हमाल. घेणारा आणि दलाल रुमालाखाली एकमेकांची बोटं दाबून सौदा करत आणि ज्याचा माल तो बाजूला उभा राहून त्या रुमालाकडं पाहत असे. भाव आवारात ठरे, पण तोल होई जिनच्या फाटकाआत. तिथं गेल्यावर खालचा कापूस ओला निघे, कचरा निघे, आणि भाव कमी करण्याची बोली सुरू होई. अडत, तोलाई, हमाली, धर्मादाय, गोशाळा अशी कपात वेगळी. बंडी रिकामी झालेली नसे, बैल सकाळपासून उपाशी, गाव दहा कोस. परत जायचं म्हणावं तर जाण्यायेण्याचा दिवस बुडणार, आणि सावकाराचा माणूस बहुधा बाजारातच उभा. मग कास्तकार मान हलवी. त्या मान हलवण्याला व्यवहारात संमती म्हणत.

या आवारांना शिस्त लावण्याचं हिंदुस्थानातलं पहिलं पाऊल आपल्या शेजारी पडलं. १८८६ मध्ये हैदराबादच्या रेसिडेंटच्या हुकमानं कारंजा इथला कापूस बाजार नियमाखाली आला. आणि १८९७ मध्ये वऱ्हाडचा कापूस व धान्य बाजार कायदा झाला. आज देशभरात ज्या बाजार समित्या आहेत, त्यांचं मूळ हे. कायद्यानं बाजाराची जागा ठरली, दलाल-मापाऱ्यांना परवाना लागला, वजनं तपासली जाऊ लागली, कमिटी नेमली गेली. मापात पाप कमी झालं हे मान्य करायला हवं.

पण त्या कमिटीत कोण होतं? दोन सभासद नगरपालिकेचे, बाकी कापसाच्या व्यापाऱ्यांमधून. पिकवणाऱ्याला जागा नव्हती. कायद्याचा हेतूच मुळी विलायतच्या गिरण्यांना शुद्ध माल वाजवी भावात मिळावा असा होता. तो हेतू चांगला सफल झाला. पुढं तीस वर्षांनी लॉर्ड लिनलिथगोच्या अध्यक्षतेखालच्या शेती कमिशननं १९२८ च्या अहवालात बाजार कमिट्यांवर उत्पादकांना पुरेशी जागा हवी असं म्हटलं, आणि १९३२ मध्ये मध्य प्रांताचा नवा कापूस बाजार कायदा झाला. तोल सुधारायला सरकारला दोन वर्षं पुरली असतील. तोलणाऱ्यांच्या शेजारी शेतकऱ्याला बसवायला पस्तीस लागली.

या मधल्या काळात यवतमाळला स्वतःची गाडी मिळाली. मुंबईच्या किलिक-निक्सन पेढीच्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीनं मूर्तिजापूरहून कारंजा, दारव्हामार्गे यवतमाळपर्यंत अडीच फुटी रूळ टाकले. रुईच्या गाठी मुख्य मार्गावर पोचवणं हे तिचं काम. हीच आपली शकुंतला. तिचं जे वाफेचं इंजिन पुढं सर्वांच्या ओळखीचं झालं ते १९२१ मध्ये मँचेस्टरला बनलेलं, १९२३ पासून या रुळांवर धावलेलं आणि १५ एप्रिल १९९४ ला निवृत्त झालेलं. इथली रुई ज्या गावी जाई त्याच गावाहून ती ओढणारं इंजिन आलं. लग्नाची वऱ्हाडं, शिकायला जाणारी पोरं, दवाखान्याला निघालेली म्हातारी माणसं, साऱ्यांनी पुढं सत्तर-ऐंशी वर्षं तिच्यातून प्रवास केला. तिच्यावर लोकांनी केलेली माया खरी आहे. पण ती टाकली होती गाठींसाठी, आणि माणसं त्या गाठींच्या आधारानं चढली, हे विसरून चालणार नाही.

भावाच्या चढउताराचं वेड किती खोल गेलं त्याची एक खूण आपल्या बोलीत आहे. न्यूयॉर्कच्या कापूस बाजारात सकाळी उघडलेला आणि संध्याकाळी बंद झालेला भाव तारेनं मुंबईला येई आणि त्या आकड्यांवर पैसे लागत. मटक्यातलं ‘ओपन’ आणि ‘क्लोज’ ते हे. ज्या हातांनी कधी पऱ्हाटीला हात लावला नाही, त्यांनी कापसावर संसार उधळले.

१९२९ नंतरच्या मंदीत कापसाचा भाव कोसळला तो असा की घातलेला खर्चही निघेना. सारा मात्र तितकाच. सावकाराकडं जमिनी इतक्या वेगानं गेल्या की १९३३ मध्ये मध्य प्रांत सरकारला कर्ज तडजोडीचा कायदा करावा लागला. याच वर्षांत, १० जुलै १९३० ला, वणीचे लोकनायक बापूजी अणे यांच्या नेतृत्वाखाली पुसदला जंगल सत्याग्रह झाला. मिठाच्या सत्याग्रहाला समुद्र लागतो. इथं लोकांनी राखीव जंगलातलं गवत कापलं. मला त्या गवतात कापसाचा इतिहास दिसतो. चराईची रानं पिकाखाली गेली, उरलेली सरकारनं राखली, सरकी घरातून गेली, आणि बैलाला खायला काय घालायचं हा प्रश्न देशाच्या लढ्यापर्यंत येऊन ठेपला.

स्वातंत्र्यानंतरच्या काळाबद्दल सगळ्यांना थोडंफार ठाऊक आहे, म्हणून नेमकं तेवढंच सांगतो. १९६३ च्या महाराष्ट्र कायद्यानं बाजार समित्यांत शेतकरी प्रतिनिधींचं बहुमत आणलं. आणि १९७२-७३ च्या हंगामापासून राज्यानं कापूस एकाधिकार योजना सुरू केली: कापूस घेणार तो फक्त सरकारच्या वतीनं, हमी भावानं. मुख्यमंत्री होते वसंतराव नाईक, पुसदजवळच्या गहुलीचे, बंजारा समाजातले. ज्यांच्या आजे-पणज्यांनी कापूस वाहिला त्या समाजातल्या माणसानं कापसाचा सगळा व्यापार राज्याच्या हाती घ्यावा, ही घटना मला साध्या योगायोगापलीकडची वाटते. कल्पना मोठी होती. रुमाल, दलाल, आवारातली बोली, सगळं एका फटक्यात बाद. काही वर्षं तिनं खरोखर आधार दिला.

मग तीही जुन्या खोडीवर गेली. खरेदी केंद्रापुढं बंड्यांच्या रांगा, कास्तकार दोन-दोन, तीन-तीन रात्री बंडीखाली झोपलेला, ग्रेडरच्या शब्दावर प्रतवारी, आणि चुकारा हप्त्याहप्त्यानं. सावकार मात्र हप्त्यानं थांबत नव्हता. ज्या वर्षी पलीकडं आंध्रात भाव चांगला, त्या वर्षी पाटणबोरीकडून रात्रीच्या अंधारात कापूस आदिलाबादकडं जाई. कायद्यानं ती चोरटी वाहतूक. स्वतःच्या वावरात पिकवलेला माल स्वतःच्या बंडीत घालून नदी ओलांडणाऱ्याला चोर म्हणावं लागलं, तिथंच योजनेचा कस संपला होता. २००२ नंतर खासगी खरेदी खुली झाली. बीटी बियाणंही २००२ मध्येच आलं, म्हणजे बियाणं घरचं राहण्याचा उरलासुरला प्रश्नही मिटला. त्याआधीच, १९ मार्च १९८६ ला, महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणच्या एका शेतकऱ्यानं कुटुंबासह जीवन संपवलं होतं. राज्यात दरवर्षी त्या दिवशी लोक अन्नत्याग करतात. पुढच्या वर्षांत या जिल्ह्याचं नाव देशाला कशामुळं माहीत झालं, ते वेगळं लिहायला नको.

या सगळ्या काळात एक गोष्ट मी शोधत होतो: कास्तकाराला थांबता कधी आलं? मिर्झापूरचा व्यापारी थांबू शकत होता, लिव्हरपूलचा दलाल थांबू शकत होता, जिनवाला आणि सरकारी खरेदीही थांबू शकत होती. त्यांच्या थांबण्यानंच भाव पडत होता. कास्तकारानं थांबून पाहिल्याचं ठळक उदाहरण फार अलीकडचं आहे. २०२१-२२ च्या हंगामात कापूस क्विंटलला दहा हजारांच्या वर गेला. पुढच्या वर्षी तसा भाव पुन्हा येईल म्हणून विदर्भातल्या घराघरांत लोकांनी कापूस साठवला. माजघरात, पोरांच्या अभ्यासाच्या खोलीत, छतापर्यंत. अंगाला खाज सुटली, पुरळ उठलं, झोपायला जागा राहिली नाही. भाव आला नाही. पावसाळा तोंडावर आला, बियाण्याला पैसा हवा होता, आणि कापूस पडत्या भावात गेला. २०२५ च्या ऑगस्टमध्ये तर नवा कापूस बोंडांत असतानाच केंद्रानं आयातीवरचं ११ टक्के शुल्क काढलं आणि ती सवलत वर्षअखेरपर्यंत वाढवली.

आज वणी, पांढरकवडा, राळेगाव, घाटंजी, दारव्हा इथल्या आवारांत ट्रॅक्टर-ट्रॉल्या उभ्या राहतात. काटा इलेक्ट्रॉनिक आहे, ओलावा यंत्रानं मोजतात, आठ टक्क्यांच्या वर भावात कपात आणि बाराच्या वर हमी भावाची खरेदी बंद. शकुंतला थांबली आहे, वर्ध्याहून मोठी लाइन फेब्रुवारी २०२४ मध्ये कळंबपर्यंत आली आहे आणि यवतमाळकडं येते आहे. नवी गाडी माल लवकर नेईल. माल लवकर जाण्यानं पिकवणाऱ्याचं काय होतं, हे १८६७ पासून आपल्याला माहीत आहे.

म्हणून जिल्ह्यातल्या बाजार समित्यांकडं एवढंच मागणं आहे. तूर, सोयाबीन तारण ठेवून शेतकऱ्याला उचल देण्याची पद्धत आपल्या राज्यात तीसेक वर्षांपासून आहे. कापूस जागा खातो, पेट घेतो, ओलावा धरतो, हे खरं. पण या जिल्ह्याचं जगणं त्याच्यावर आहे. प्रत्येक तालुक्याच्या आवारात कापसासाठी कोरडं, विम्याचं गोदाम बांधा, पावतीवर किमतीच्या निम्मी तरी रक्कम त्याच दिवशी हातात द्या, आणि हे पुढच्या वेचणीच्या सीतादहीच्या आधी करा.